घरच्या वर्कशॉपसाठी छोटा लेथ घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेथ म्हणजे धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा फिरवत ठेवून त्याला टूलने कापून गोल आकार देणारं मशीन, आणि त्यावर काम करून देणारा कारागीर म्हणजे टर्नर. ज्यांच्याकडे ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि व्हाइस आधीच आहे आणि आता लेथचा विचार मनात घोळतो आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उत्तरं एकल, हौशी कामाच्या बाजूने दिली आहेत. धंद्याचं गणित वेगळं असतं.

लेथ घेतला तर टर्नरला द्यायचे पैसे वाचतील ना?

नाही वाचत, आणि या हिशोबावर लेथ घेऊही नये. वर्षाकाठी दहा-बारा बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळ्या), दोन-चार पिना आणि एखादा स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारी रिंग) एवढंच काम असेल, तर गल्लीतला टर्नर नेहमीच स्वस्त पडतो. त्याच्याकडे मोठं मशीन आहे, हात बसलेला आहे, वर मटेरियलही त्याच्याच रॅकमधलं असतं.

लेथ घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. एकाच नगाचं काम टर्नरला नकोसं असतं. त्याच्यासमोर शंभर-दोनशे नगांची ऑर्डर पडलेली असते, तुमचा एक बुश त्याने शनिवारी घेतला तर बुधवारी मिळतो. तो घरी आणून बसवून बघता, तर किंचित घट्ट होतो. पाच शतांश मिलिमीटर काढण्यासाठी पुन्हा फेरी. स्वतःचा लेथ असला की जॉब, म्हणजे बनवायचा तुकडा, चकमध्येच, म्हणजे तो धरणाऱ्या पकडीतच, असतो: कट घ्या, मापा, बसवून बघा, पुन्हा हलका कट घ्या. मनात आलेला बदल तिथल्या तिथे करून बघता येतो. विकत घ्यायची ती ही मोकळीक. तिची तुम्हाला गरज असेल तर लेथ घ्या, नसेल तर चांगला टर्नर जपा.

माझं काम छोट्या लेथवर होईल की नाही, हे कसं ओळखू?

कॅटलॉग उघडण्याआधी वही उघडा. गेल्या वर्षभरात जी कामं बाहेर दिली किंवा लेथ नाही म्हणून सोडून दिली, ती सगळी लिहून काढा. प्रत्येकापुढे व्यास, लांबी आणि धातू लिहा. यादी मनातल्या इच्छांची नको, खरोखर अडलेल्या कामांची हवी.

एबोनाइट किंवा अॅक्रिलिकचे फाउंटन पेन, दुर्बिणीचे अडॅप्टर, छोटी वाफेची इंजिनं, घड्याळाचे भाग, कॅमेऱ्याच्या रिंगा, पितळी नॉब ही कामं छोट्या लेथची आहेत आणि तो ती सुंदर करतो. जुन्या राजदूत किंवा येझदीचे बुश, स्पेसर, लिव्हरच्या पिना हेही जमतं, फक्त वेळ जास्त लागतो. यादीत ब्रेक ड्रम, विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना किंवा सहा इंची पुली असेल, तर मात्र मिनी लेथ तुमचा नाही. तो घेऊन कसंबसं भागवू असं म्हणणारे लोक वर्षभरात तो विकायला काढतात.

मिनी लेथ म्हणून जे मशीन मिळतं ते नेमकं काय असतं?

बहुतेक सगळी मशीनं एकाच चिनी आराखड्याची भावंडं आहेत. रंग आणि नाव बदलतं, आतलं बरंचसं तेच असतं. बेडवरचा (खालच्या लांब ओतीव रुळांवरचा) स्विंग, म्हणजे फिरू शकणारा सगळ्यात मोठा व्यास, साधारण १८० मिमी, दोन सेंटरमधलं, म्हणजे जॉबची दोन टोकं धरणाऱ्या अणींमधलं, अंतर २५० ते ३५० मिमी, वजन ४० किलोच्या आसपास. स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, भोक २० मिमी, टेलस्टॉकला, म्हणजे समोरच्या टोकाच्या सरकत्या आधाराला, २ नंबरचा मोर्स टेपर (टूल बसवायचं निमुळतं भोक), ८० किंवा १०० मिमीचा तीन जॉचा (जबड्यांचा) चक. मोटर बहुधा ३५० ते ६०० वॉटची, आणि वेग नॉबने कमीजास्त होतो, सुमारे २५०० आरपीएमपर्यंत.

हेडस्टॉकमधले, म्हणजे स्पिंडलच्या पेटीतले, गिअर बऱ्याच मॉडेलमध्ये प्लास्टिकचे असतात. जोराचा कट बसला की दात उडतात. कंट्रोल बोर्ड जळणं ही दुसरी ठरलेली तक्रार. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: गिअर, बोर्ड आणि मोटर सुटी मिळते का, आणि आज स्टॉकमध्ये आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा विक्रेता बघा. जमलं तर ब्रशलेस मोटरचं मॉडेल घ्या, कमी वेगाला त्याची ताकद बरी टिकते.

स्विंग १८० मिमी म्हणजे १८० मिमीची तबकडी फिरवता येईल?

बेडवरून फिरेल, पण कापता येईलच असं नाही. टूल क्रॉस स्लाइडवर, म्हणजे ते आडवं आत-बाहेर सरकवणाऱ्या भागावर, बसतं आणि क्रॉस स्लाइडच्या वरून जेमतेम ११० मिमीचा जॉब जातो. टर्निंगसाठी खरा आकडा तो.

लांबीचंही तसंच. ३५० मिमी अंतर वाचून बरं वाटतं. पण जॉब चकमध्ये धरून त्याला १० मिमीचं भोक पाडायचं आहे असं समजा. लेथचा चक ६०-६५ मिमी जागा खातो, टेलस्टॉकमधला ड्रिल चक ८० मिमीच्या आसपास, आणि ड्रिल बिट बाहेर ९० मिमी तरी उरतं. राहिले शंभर-सव्वाशे मिमी. लांबी निवडताना २५० आणि ३५० मध्ये घुटमळत असाल तर ३५० चाच घ्या.

वेगाचाही हिशोब करून बघा. सूत्र सोपं आहे: कटिंग स्पीडला (मिनिटाला मीटरमध्ये) ३१८ ने गुणा आणि व्यासाने (मिमीमध्ये) भागा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला ३० मीटर धरले तर २० मिमीच्या बारला साधारण ४८० आरपीएम येतात. इथे मिनी लेथ खुशीत असतो. आता १५० मिमीचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ड्रम घ्या. बीडाला मिनिटाला २० मीटर धरले तरी ४० च्या आसपास आरपीएम लागतात. एवढ्या कमी वेगाला या छोट्या मोटरमध्ये दम उरत नाही आणि टूल जॉबमध्ये रुतून मशीन थांबतं.

सगळे वजनावर एवढा भर का देतात?

कारण लेथची खरी ताकद मोटरमध्ये नसते, बीडाच्या ओतीव बेडमध्ये असते. टूल धातूत शिरतं तेव्हा टूल, टूलपोस्ट, स्लाइड, बेड, स्पिंडल ही सगळी साखळी किंचित वाकते. हलक्या मशीनमध्ये जास्त वाकते, परत उसळते, पुन्हा वाकते. त्याचा कर्कश आवाज येतो आणि जॉबवर लाटा उमटतात.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं पार्टिंग करताना, म्हणजे बारमधून तयार तुकडा कापून वेगळा काढताना. २५ मिमीचा माइल्ड स्टील बार आहे, दोन-अडीच मिमी जाडीचं पार्टिंग टूल हळूहळू आत जातंय. पहिले दोन मिलिमीटर चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, छान गुंडाळत येते. मग बारीक किणकिण सुरू होते. बिचकून फीड, म्हणजे टूल आत सरकवण्याचा वेग, कमी केलं की टूल कापायचं सोडून घासायला लागतं आणि आवाज वाढतो. तिथेच फीड द्यायला गेलं तर टूल जॉबखाली ओढलं जातं, धडकन आवाज होतो आणि मशीन अडतं. चारशे किलोच्या लेथवर हेच काम तेल सोडत सरळ होतं. मिनी लेथवर ते करायचं तर टूल चकच्या अगदी जवळ हवं, क्रॉस स्लाइडवरची छोटी कंपाउंड स्लाइड लॉक हवी, टूलची धार सेंटरला अचूक हवी आणि हात धीट हवा. अनेक जाणकार मिनी लेथवर पार्टिंगच्या नादी न लागता हॅकसॉने तुकडा कापतात आणि फेसिंग करून, म्हणजे टोक सपाट करून, घेतात. त्यात कमीपणा काही नाही.

मग त्यापेक्षा पंजाबातल्या बटाल्याचा किंवा राजकोटचा साडेचार फुटी लेथ का घेऊ नये?

जागा असेल तर जरूर घ्यावा, माझा कल तिकडेच आहे. आपल्याकडचे लेथ बेडच्या लांबीवरून फुटात विकले जातात: साडेचार फुटी, सहा फुटी. साडेचार फुटी म्हटलं तरी चार-पाचशे किलोंची तयारी ठेवा. स्पिंडलला मोठं भोक, बॅक गिअर, खरा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल ठरलेल्या गतीने पुढे नेणारा लांब स्क्रू). बॅक गिअर लावला की स्पिंडल अगदी हळू पण पूर्ण ताकदीने फिरतो, म्हणजे वरच्या उदाहरणातला ड्रम इथे आरामात कापला जातो.

अडचणीही तशाच वजनदार. तळमजला आणि पक्का काँक्रीटचा कोबा हवा. टेम्पोतून उतरवायला चेनपुली किंवा क्रेन लागते, आणि तो खर्च किंमत ठरवतानाच धरा. फिनिशिंग कारखान्यागणिक बदलतं: एकाचा बेड छान ग्राइंड केलेला, दुसऱ्याच्या टेलस्टॉकचं सेंटर स्पिंडलपेक्षा डोळ्याला दिसेल इतकं खाली. म्हणून मशीन फोटो बघून कधीही मागवू नका. जाऊन, चालवून, स्वतः कट घेऊन मगच पैसे द्या.

आणखी एक गोष्ट आधी बघा. यातल्या बऱ्याच मशीनांचा लीडस्क्रू इंची असतो. त्यावर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण २५.४ ला पाचने गुणलं की १२७ येतात आणि त्याखेरीज हिशोब पूर्णांकात बसत नाही. शिवाय इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना मधे हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवत परत यायचं. तो गिअर मशीनबरोबरच मागून घ्या.

मिनी लेथवर आटे पाडता येतात का?

येतात, आणि छान येतात. मेट्रिक मॉडेलचा लीडस्क्रू साधारण १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो. दुर्बिणीला कॅमेरा जोडायची जी नेहमीची रिंग, तिचा आटा एम४२ बाय ०.७५, म्हणजे ४२ मिमी व्यास आणि ०.७५ मिमी पिच. लीडस्क्रूच्या बरोबर निम्मं पिच, गिअर लावायला अगदी सोपं. खांद्यापर्यंत, म्हणजे जॉबचा व्यास जिथे वाढतो तिथपर्यंत, आटे न्यायचे असतील तर मोटर बंद ठेवून स्पिंडलला मागून हँडल लावून हाताने फिरवा. हँडल घरीच बनवता येतं. टूल खांद्यावर आदळायची भीती संपते.

जुना लेथ घ्यायचा तर काय तपासायचं?

एमआयडीसीतला एखादा कारखाना सीएनसीकडे वळतो किंवा बंद होतो तेव्हा चांगली मशीनं निघतात. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा एचएमटीचे लेथ अजूनही सापडतात. बहुतेक घरासाठी फार मोठे असतात, पण त्यांच्या ओतकामाला तोड नाही. नवा रंग बघून भुलू नका. रंगाखाली काय दडलंय ते असं शोधा.

बेड आधी. लेथचं बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून बेडही तिथेच झिजतो. कॅरेज, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणा आणि त्याचं लॉक इतकंच आवळा की चाक फिरवताना थोडं जड लागेल. आता चाक फिरवत टेलस्टॉककडे न्या. अर्ध्या वाटेत ते अडलं, तर मधला बेड मूळ मापाचा आहे आणि चकजवळचा खाल्लेला आहे. थोडं जड होणं चालेल. पूर्ण अडत असेल तर बेड ग्राइंड करून घ्यावा लागेल, आणि तो खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

मग स्पिंडल. चक काढायला लावा, कारण झिजलेल्या जॉमुळे चांगला स्पिंडलही वाईट भासतो. स्पिंडलच्या नाकावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून हाताने फिरवा. नंतर लाकडी दांड्याने स्पिंडल खालून उचलून बघा. काटा किती हलतो तो बेअरिंगमधला खेळ. जुन्या मशीनांत स्पिंडल अनेकदा गनमेटलच्या बुशवर फिरतो. ते बुश आवळता येतात, त्यामुळे थोड्या खेळाला घाबरू नका, पण भावात तो मोजा.

क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (चाक उलटं फिरवताना लागणारा रिकामा खेळ) डायलवर लगेच दिसतो. नट बदलता येतो, म्हणून तो मोठा दोष नाही. बॅक गिअरचे दाते टॉर्च मारून एकेक बघा. हाफ नट लावून कॅरेज हाताने ढकला, फार हलत असेल तर आटे पाडताना त्रास होईल. चेंज गिअरचा (आट्याचं पिच बदलायच्या गिअरचा) पूर्ण संच, फोर जॉ चक, स्टेडी रेस्ट (लांब जॉबला मधे आधार), फेसप्लेट (वेड्यावाकड्या आकाराचा जॉब बांधायची तबकडी) हे सोबत आहे का ते विचारा. या वस्तू मागाहून जमवताना जीव मेटाकुटीला येतो.

शेवटी कट घ्यायला लावा. मालक म्हणाला की वीज तोडलेली आहे, तर वीज येईल तेव्हा या.

मशीनशिवाय किती खर्च धरू?

मशीनच्या किमतीच्या निम्म्यापासून जवळजवळ तेवढ्याच रकमेपर्यंत. यात फसगत जास्त होते, कारण सगळं बजेट मशीनवर संपतं आणि मग टूलशिवाय लेथ कोपऱ्यात पडून राहतो.

पहिल्या फेरीत फोर जॉ चक, टेलस्टॉकसाठी ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, सेंटर ड्रिल, थोडे एचएसएस टूल बिट, बोरिंग बार, डिजिटल व्हर्नियर, ०-२५ मिमी मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज एवढं हवं. क्विक चेंज टूलपोस्ट चैन वाटेल, पण टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालत सेंटर जुळवण्यात जो वेळ जातो तो वाचतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी या वस्तूंसाठी पालथी घाला. हाताळून घेता येतात आणि भावही कळतो. नवीन मशीनवर १८ टक्के जीएसटी असतो, कोटेशन करासह आहे की कराशिवाय ते विचारून घ्या.

टूल एचएसएस घ्यावं की कार्बाइड?

छोट्या लेथला एचएसएस. धार तीक्ष्ण लावता येते, ती कमी ताकदीत कापते, आणि बेंच ग्राइंडरवर स्वतः घासता येतं. घासायला शिकणं म्हणजे लेथ शिकण्याचा निम्मा भाग. कार्बाइड कठीण पण ठिसूळ असतं, ते हलक्या, थरथरत्या कटात टवका उडून वाया जातं. अॅल्युमिनियमसाठीचे चकचकीत, धारदार कार्बाइड इन्सर्ट (बदलता येणारे तुकडे) मात्र छोट्या मशीनवरही छान चालतात.

घरची वीज पुरेल का?

मिनी लेथला साधा सिंगल फेज पुरतो, अर्थिंग मात्र खरं हवं. नुसती तिसरी पिन असून उपयोग नाही, वायरमनकडून तपासून घ्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. साडेचार फुटीला एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर लावून मिळते. थ्री फेज मोटरच हातात आली तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावता येतो. सिंगल फेजवरचा व्हीएफडी २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो, त्यामुळे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टामध्ये जोडावी लागते. ते शक्य आहे का हे नेमप्लेटवर वाचा.

लोडशेडिंगच्या गावात हे सगळ्यात महत्त्वाचं: वीज गेली आणि परत आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. वीज गेल्यावर आपण टूल न हटवता, हात जॉबवर ठेवून उभे असतो, आणि तेवढ्यात चक फिरायला लागतो. नो-व्होल्ट रिलीज असलेला स्विच किंवा स्टार्टर लावलेला असेल तर वीज आल्यावर बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. यात काटकसर नको.

फ्लॅटमध्ये ठेवता येईल?

४० किलोचा लेथ जड टेबलावर, खाली रबरी पॅड घालून राहतो. आवाज मिक्सरपेक्षा कमीच असतो. त्रास चिप्सचा आहे. त्या चपलेच्या तळव्याला चिकटून घरभर जातात आणि मुलांच्या पायात घुसतात. बंद होणारी वेगळी खोली किंवा झाकलेली बाल्कनी नसेल तर फ्लॅटमध्ये घेऊ नका.

पावसाळ्यात गंज चढेल का?

कोकणात, मुंबईत, गोव्यात नक्की चढेल, जूनमध्ये दोन दिवस दुर्लक्ष केलं तरी. काम संपलं की चिप्स ब्रशने झाडा, बेड कोरडा पुसा आणि स्लाइडवे ऑइलचा, म्हणजे ६८ ग्रेडचा, पातळ थर द्या. पाण्यात मिसळायचं कूलंट पावसाळ्यात शक्यतो टाळा. ते स्लाइडखाली साचून आतून खातं. मायक्रोमीटर आणि टूलच्या ड्रॉवरमध्ये कापराच्या वड्या ठेवायची जुनी पद्धत आजही कामाची आहे. मशीनवर प्लास्टिक टाकू नका, आत दमट हवा कोंडते. जाड सुती कापड बरं.

शिकायचं कुठे?

आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा असतो, यावरून या कामाची खोली लक्षात यावी. तुम्हाला तेवढं नको आहे, पण नुसते व्हिडिओ पुरत नाहीत. भोसरीत, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये, कुठेही ओळखीच्या टर्नरकाकांकडे काही रविवार बसा. त्यांचा हात बघा: टूल जॉबला टेकल्याचं ते कानाने ओळखतात. मशीन घेण्याआधीच हे करा. बऱ्याच जणांना तिथेच कळतं की आपल्याला हे काम मनापासून आवडतं की नाही.

सुरक्षिततेचे कोणते नियम कधीच मोडायचे नाहीत?

चकची चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरून काढायचा नाही. चावी हातातून सुटायची ती थेट तिच्या खुंटीवरच. हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, कारण मोजा पकडला गेला की बोट आणि मनगटही ओढलं जातं. मनगटातला गंडा, राखी, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. ओढणी, सैल बाही नको, लांब केस बांधलेले हवेत. गॉगल नेहमी. लांब चिप हाताने ओढायची नाही, हुक वापरा. पॉलिश पेपर बोटांभोवती गुंडाळून जॉबवर धरायचा नाही. थकलेल्या रात्री मशीन सुरूच करायचं नाही.

मशीन घरी आलं. पहिलं काम काय करू?

मिनी लेथ असेल तर त्यावरचा गंजरोधक चिकट थर रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन काढा. स्लाइड सुट्या करा. आत कारखान्यातल्याच चिप्स निघतात. तेल द्या, जिब, म्हणजे स्लाइडमधली ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या, अशा आवळा की स्लाइड हलकी सरकेल पण डुगडुगणार नाही. बोल्टने टेबलाला बांधताना बेड पिळला जाणार नाही हे बघा, गरज असेल तिथे पायाखाली पातळ पत्रा घाला.

मग २५ मिमीचा बार चकमधून १०० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. धारदार टूलने अगदी हलके कट घेत पूर्ण लांबी फिरवा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मापा. चकपासून दूरचं टोक जाड येत असेल तर आधी कट आणखी हलका करून, टूल पुन्हा घासून बघा, कारण बार वाकत असू शकतो. तरीही फरक राहिला तर बेडखालचे पत्रे बदलून पुन्हा कट घ्या. फरक ०.०२ मिमीच्या आत आला की यादीतला पहिला जॉब चकमध्ये धरा.